रक्त चांगलं हाय, मी नाई

तांडा, ढाणकीजवळ
२३ एप्रिल २०२४

बिजली,

सोनूचं लग्न परवा लागलं, आणि ती न रडता गेली. किसनसिंगकाकांची सोनू. तू तांडा सोडलास तेव्हा ती फ्रॉक घालून हिंडायची. एवढंच कळवायला इतक्या वर्षांनी पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण हे जिला सांगावं असं दुसरं माणूस मला आठवेना.

तुझा राजूरचा पत्ता मी मिळवला, कुणाकडून ते विचारू नको. नंबर मागितला नाही. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं. घरात तुझं नाव अजून निघत नाही. कुणी परका माणूस आला आणि लेकरं किती म्हणून विचारलं, तर बा सांगतात, "एक. सुनील." याडी तेव्हा लेकीचं नाव गिळून आत निघून जाते. तू अमररावांशी लग्न केलंस तेव्हा त्यांच्या जातीवरून जे झालं ते तुला माहीतच आहे, मी पुन्हा उगाळत नाही.

तर सोनूचं. माझ्या माहेरच्या तांड्यात ढावलो केव्हाच मोडला होता. नवरीनं आईचं, बापाचं, भावाचं, घरच्या म्हशीचं नाव घेऊन सुरात रडायचं आणि ते रडणं आधी म्हाताऱ्या बायकांसमोर बसून शिकायचं, हे मी या घरात आले तेव्हा पाहिलं. मला याडीनं लग्नानंतर शिकवलं. म्हणाली, "सासूनं शिकवलेलं रडणं हाय, जपून वापरजो." या तांड्यातल्या किती पोरी तिनं रडवून पाठवल्या असतील! तुला मात्र तिला शिकवता आलं नाही.

सोनू रोज दुपारी येऊन तिच्यासमोर बसायची. याडी तिच्या डोक्यावर हात ठेवायची आणि गप्प राहायची. सूर नाही, शब्द नाही. पोरगी वाट पाहून पाहून उठायची. बायका याडीला काय बोलल्या तेही ऐक. एक म्हणाली, "मानीबाईले मान पायजे, मान." दुसरी म्हणाली, "नायकाची बायको हाय ते. फुकट कायले रडन?" शेवटी लग्नाच्या दिवशी किसनसिंगकाकांच्या पुतण्यानं मोबाईलवर कुठल्या तरी दुसऱ्या तांड्याचा ढावलो लावला, स्पीकर जोडून. त्यात भावाचं नाव दुसऱ्याच कुणाच्या भावाचं होतं. सोनूला घुंगटात हसू फुटलं. सगळे हसले. याडी हसली नाही, रागावलीही नाही. मला ते खटकलं.

बाकी ती बरी आहे. जेवते. उन्हाचं असेल. तू काळजी करू नको.

तुझी भोजाई,
लीला


१२ जुलै २०२४

बिजली,

अंगणवाडीत बसून लिहिते आहे. मुलं खिचडी खाऊन आडवी झाली आहेत. तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

याडी जेवते असं मी लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. ताटाला हात लावते आणि बाजूला सरकवते. जत्रेतल्या माणसासारखी बडबडणारी आपली याडी, आता विचारलं तर उत्तर देते, न विचारलं तर नाही. शेतात निंदायला गेली तर एका तासात एकाच जागी बसलेली सापडते, विळा हातात तसाच. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंगणात बसते. मी विचारलं, "याडी, काय झालं?" तर म्हणाली, "काई नाई झालं. काईच नाई होऊन राह्यलं." मला त्या बोलण्याची भीती वाटली.

तांड्यात प्रत्येकाचं आपलं निदान. कुणी नजर म्हणतं, कुणी देवाचं काही राहिलं असेल म्हणतं. दुःख आहे असं मात्र कुणालाच वाटलं नाही. वाटणार कसं? दुःख झालं की माणूस रडतं. आणि रडणं काय असतं ते या तांड्याला याडीइतकं कुणी दाखवलेलं नाही. ती रडत नाही, म्हणजे दुःख नाही. मीही असंच समजत होते.

बा तांड्याचे नायक असून भगताच्या विरोधात. तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. म्हणाले, "रक्त तपासा. माणूस खोटं बोलन, रक्त नाई बोलत." म्हणून काल आम्ही तिला उमरखेडला नेलं. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी यवतमाळहून मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई येतात. मनाच्या आहेत हे मी बांना सांगितलं नाही, नुसत्या मोठ्या डॉक्टरीण आहेत म्हणाले.

त्यांनी याडीला विचारलं, "आजी, रडू येतं का?"

सुनील मध्येच बोलला, "अजिबात रडत नाई मॅडम. तसं काई नाई तिले."

याडी म्हणाली, "येत नाई बाई. म्या लोकायच्या पोरीयले रडाले शिकवलं. आता मलेच येत नाई."

बाई लिहायच्या थांबल्या. मग बऱ्याच गोष्टी विचारल्या. झोप, भूक, आधी आवडायचं ते आता आवडतं का. याडी थोडक्यात उत्तरं देत होती, पण देत होती. शेवटी बाई आम्हाला म्हणाल्या, "मला अंदाज आला आहे, पण आधी रक्त पाहू. थायरॉइड बिघडलं, रक्त कमी झालं, बी-बारा कमी पडलं, साखर वाढली, यातल्या कशानंही माणूस असं गळून जातं. ते नाही ना, एवढी खात्री करून घेते. रिपोर्ट घेऊन पुढच्या महिन्यात या." बांना त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं, की आधी रक्त पाहू. खूश झाले.

रक्त आज सकाळी उपाशीपोटी ढाणकीच्या लॅबमध्ये दिलं. तिथं एक गंमत झाली. लॅबवाला नवा, अमरावतीकडचा असावा. याडीचा हात पाहून म्हणाला, "आजी, हा कोपराच्या वरचा चुडा काढा, पट्टा बांधायचा आहे."

बा उठून उभे राहिले. "म्या मेलो काय रे?"

तो बिचारा घाबरला. मी त्याला समजावलं की आमच्यात वरचा चुडा नवरा गेल्यावरच उतरवतात. मग त्यानं हाताच्या पाठीवरची शीर शोधली. बा सारखे त्याच्याकडे पाहत होते. आणि बिजली, याडीच्या ओठाचा कोपरा हलला. हसू नव्हतं ते, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी होतं.

रिपोर्ट उद्या येतो म्हणाले.

लीला


१५ जुलै २०२४

बिजली,

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल.

लॅबवाल्यानं सुनीलच्या मोबाईलवर पाठवला, छापील कागद न्यायला या म्हणून फोन केला आणि सांगितलं, "आजीचं रक्त तरण्या पोरीसारखं आहे." सुनीलनं ओसरीवरून ओरडून सगळ्यांना सांगितलं. बांनी काल बोकड कापला.

हसू नको. आम्ही सगळे खरंच आनंदात होतो. मी मसाला वाटला, पोरांनी चूल पेटवली, किसनसिंगकाका पहिल्या पंगतीला बसले. बा प्रत्येकाला सांगत होते, "थायरॉड नाई, साखर नाई, काईच नाई. रक्त चोख हाय." काका म्हणाले, "मंग नायक, मानीबाईचं दुखणं कामचुकारपनाचं व्हतं म्हना." सगळे हसले. मीही हसले.

याडी बायकांच्या पंगतीत ताटासमोर बसली होती. कुणी म्हणालं, "आता खा व माय, आता तं काईच नाई तुले." तिनं एक घास घेतला.

जेवणं उरकल्यावर ती भांडी घासायला बसली. मी नको म्हणत होते, ऐकलं नाही. घासता घासता म्हणाली, "लीला, रक्तात काई निघालं असतं तं बरं झालं असतं."

मी म्हटलं, "असं काय बोलतेस याडी?"

"निघालं असतं तं मले बिमार राहाले जागा राह्यली असती. आता कोनाले काय सांगू?"

मला रात्रभर ते वाक्य सोडेना. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट घेऊन या म्हटलं होतं. आज सकाळी मी बांना म्हणाले, दाखवून तरी येऊ. ते म्हणाले, "काय दाखवाचं? काई असन तं दाखोतेत. नाई थे काय दाखवाचं?" आणि बिजली, मला त्यांना उत्तर देता आलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचंही वाटेना. तांड्यातला माणूस रिपोर्ट घेऊन परत जातो तो त्यात काही निघालं तरच.

लीला


८ ऑगस्ट २०२४, दुपार

बिजली,

याडी घरात नाही.

सकाळी मी अंगणवाडीत गेले तेव्हा ती अंगणात होती. परत आले तर नाही. घरातला पाणी भरायचा गुंड जागेवर आहे, म्हणजे पाण्याला गेली नाही. शेतात नाही, किसनसिंगकाकांकडे नाही, देवळात नाही. पेटी उघडी होती. ठेवणीतला घेरदार फेटिया आणि आरशांची काचळी घालून गेली आहे. ते ऐकलं तशा बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि सगळे पुरुष विहिरींकडे गेले.

मला घरी थांबायला सांगितलं आहे, ती आली तर कुणी असावं म्हणून. बसवत नाही. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहिते आहे.

सोयाबीन कमरेला लागलं आहे. शेतात माणूस बसलं तर दिसत नाही. बा स्वतः फिरत आहेत, एकेका विहिरीवर वाकून पाहतात आणि हाक मारतात. इथपर्यंत ऐकू येतं. "मानी, ए मानी." बिजली, मी या घरात आल्यापासून त्यांना याडीचं नाव घेताना कधी ऐकलं नव्हतं. "अवं", "सुनीलची याडी", "कुठं गेली", असंच. मला आज कळलं की त्यांना ते नाव इतक्या मोठ्यानं घेता येतं.

तुला हे आत्ता पाठवू की नको ते समजत नाही. काही वाईट असलं तर सुनील राजूरला येईल. मी त्याला पाठवीन, बांनी काहीही म्हटलं तरी.


त्याच दिवशी, संध्याकाळ

आली. घरी आली, बिजली. चहा पिते आहे. आधी हे वाचून घे, मग बाकीचं.

चारच्या सुमाराला फाट्यावर उमरखेडची एसटी थांबली आणि तिच्यातून याडी उतरली. आरशांची काचळी उन्हात चमकत होती, म्हणून लांबूनच कळलं. हातात औषधांची कागदी पिशवी. मागून पोरं ओरडत आली, "आजी आली, आजी आली." बा काकांच्या विहिरीवरून पळत आले. कपड्यांना चिखल, दम लागलेला. तिच्यासमोर उभे राहिले. आणि मग काय विचारलं असेल?

"आधार कार्ड नेलं व्हतं का?"

"नेलं व्हतं," याडी म्हणाली. "बायायले अर्धं तिकीट हाय आता. तुमाले मालूम नाई?"

आज दुसरा गुरुवार होता, डॉक्टरीणबाईंचा. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात नव्हतं, तिच्या होतं. जी बाई ढाणकीच्या बाजारातही एकटी गेली नाही, ती फाट्यापर्यंत चालत गेली, एसटीत बसली, उमरखेडला उतरून विचारत विचारत दवाखाना गाठला आणि रांगेत बसली. ठेवणीतले कपडे का घातलेस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "सरकारी दवाखान्यात फाटकं घालून गेलं तं कोनी नीट बोलत नाई."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचं कुणी नाही आलं? याडीनं छापील रिपोर्ट पुढे केला आणि म्हणाली, "बाई, रक्त चांगलं हाय, मी नाई."

हे ती आम्हाला सांगत होती तेव्हा ओसरीवर अर्धा तांडा जमला होता. विहिरी धुंडाळून आलेले सगळे. बा भिंतीला टेकून उभे. याडी थांबत थांबत सांगत होती, पण ऐकायला कुणी हललं नाही.

"बाईनं रिपोर्ट पाह्यला. म्हणे, आजी, हा चांगला आला म्हणून तं आता मले कळलं. जे जे असू शकत व्हतं थे नाई. मंग हा उदासीचा आजार. याले औषध हाय. हळू लागू पडते, पण पडते. म्या म्हणलं, एवढा मोठा आजार हाय तं रक्तात काहून नाई निघत? तं म्हणे, लोकं शोधून राह्यले, अजून हाती नाई लागलं. तवर तुमी तोंडानं सांगसान थोच रिपोर्ट."

किसनसिंगकाका पायातला काटा काढत बसले, काटा नव्हताच. मग बा पुढे आले, पिशवी उचलली, गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"सकाळच्याले घ्याची का संध्याकाळी?"

"जेवल्यावर," याडी म्हणाली.

"मंग जेव," बा म्हणाले, आणि मला हाक मारली, "लीला, वाढ तिले."

मी चुलीसमोर बसून रडले, आनंदानं. पण खरं सांगू, आनंद हा नीट शब्द नाही. मला अभिमान वाटला. मी शिकलेली, मला अंगणवाडीत बाकीच्या बायका विचारायला येतात, आणि मला बांना जे उत्तर देता आलं नव्हतं ते माझ्या सासूनं एसटीत बसून जाऊन आणलं.

लीला


२० ऑक्टोबर २०२४

बिजली,

औषधाचं विचारत असशील. (तू विचारत नाहीस, पण मी तू विचारतेस असंच धरून चालते.) सुरुवातीला काहीच फरक नव्हता. उलट तोंड कोरडं पडायचं आणि दिवसभर गुंगी. बंद करू म्हणाली. बांनी ऐकलं नाही. आता रोज ते अंगणातून ओरडतात, "गोई घेतली का?" सगळ्या तांड्याला ऐकू जातं. याडी चिडते. "ढोल वाजवून सांगा ना मंग."

महिन्याच्या महिन्याला दोघं उमरखेडला जातात. बाईंनी डोस बदलला, बांना समजावलं की बरं वाटलं तरी सोडायचं नाही. मागच्या वेळी बांनी त्यांना विचारलं, आता रक्त पुन्हा तपासायचं का, बरी झाली का ते पाहायला? त्या म्हणाल्या, "त्यासाठी रक्त नको नायक, तिलाच विचारा." येताना एसटीत बांनी खरंच विचारलं म्हणे. याडी म्हणाली, "सगळ्या बसमंधी कायले इचारता?"

परवा तिनं मला झापलं. भाजीत मीठ जास्त झालं होतं. "एवढी शिकली अन् मीठ नाई समजत?" मी स्वयंपाकघरात तोंड लपवून हसले. सुनीलला सांगितलं, त्याचे डोळे भरले. असं वेड्यासारखं आमचं चाललं आहे.

गात नाही अजून. कुणी विचारतही नाही, मी सगळ्यांना बजावलं आहे. तूर फुलावर आहे, ती मात्र रोज जाऊन पाहून येते.

लीला


१९ जानेवारी २०२५

बिजली,

हे पत्र नीट बसून वाच. आणि याला उत्तर दे. आजवर मागितलं नव्हतं, आज मागते आहे.

काल ढाणकीच्या शाळेत एक पथक आलं होतं. मोठ्या शहरातल्या एका संस्थेचं. उदासीच्या आजाराची काही खूण रक्तात सापडते का, याचा त्यांचा शोध चालला आहे. औषध चालू असलेली माणसं हवी होती आणि त्याच वयाची धडधाकटही, म्हणजे दोन्ही रक्तं शेजारी ठेवून पाहता येतील. डॉक्टरीणबाईंनी याडीला विचारलं होतं, देणार का. तिनं लगेच हो म्हटलं. बांनी तांड्यातल्या पाच-सहा जणांना धडधाकट म्हणून गाडीत घातलं, त्यात किसनसिंगकाका पहिले.

दिपाली नावाची मुलगी होती, माहिती सांगणारी. चांगली होती. तिनं आधीच साफ सांगितलं, "यातून तुम्हाला रिपोर्ट मिळणार नाही. तुमचं औषध बदलणार नाही. काही सापडलंच तर ते वर्षांनी, दुसऱ्यांच्या उपयोगाला. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही."

काका म्हणाले, "मंग फुकट रक्त कायले द्याचं?"

दोन बाकं होती. धडधाकटांच्या बाकावर दाटी, खोकला, हसणं. आजारी लोकांच्या बाकावर त्या वेळी एकटी याडी. शाळेच्या अंगणात सगळा बाजार उभा राहून पाहत होता. नायकाची बायको त्या बाकावर बसली म्हणजे काय, ते सगळ्यांना समजत होतं. मला वाटलं, आता ती उठेल.

ती काकांना म्हणाली, "किसन, माया रिपोर्ट चांगला आला तवा तू मटन खाल्लं ना रे पहिल्या पंगतीले? म्या तुया समोर बसून मरून राह्यली व्हती. कोनाले दिसलं नाई. उद्या तुया सोनूले असं झालं अन् रक्तात दिसलं, तं तिले कोनी म्हणनार नाई की नाटक करते. म्हणून द्याचं."

काकांनी आपली बाही वर केली.

बिजली, तू तिथं असायला हवी होतीस. आवाज मोठा नव्हता तिचा. पण असं वाटलं की ही बाई नायकीण आहे, आणि हे तिला आजच समजलं आहे, आम्हालाही.

मग दिपाली घरची माहिती विचारायला बसली. हा आजार कधी कधी एकाच घरात दोघातिघांना असतो, म्हणून विचारतात. आई-बापाला होता का, बहिणींना? बा शेजारी खुर्चीवर होते. त्यांना उत्तर देण्याची सवय, म्हणून तेच बोलत होते.

"मुलं किती तुम्हाला?"

"एक," बा म्हणाले. "सुनील."

"दोन," याडी म्हणाली.

दिपालीनं दोघांकडे पाहिलं. धडधाकटांच्या बाकावरचं हसणं थांबलं. मी माझ्या पायांकडे पाहत राहिले.

"म्या हितं खरं सांगाले आली ना?" याडी बांना म्हणाली. "खोटं सांगून रक्त देलं तं थे त्यायच्या काय कामाचं?"

बांचा चेहरा मला एका बाजूनंच दिसत होता. जबडा हलत होता. मला वाटलं, उठून जातील. त्यांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्यावर घातला.

"लिव पोरी," ते म्हणाले. "दोन. लहानी लेक हाय. बिजली. राजूरले असते."

दिपालीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "त्यांना कधी असा त्रास झालाय?"

कुणालाच माहीत नव्हतं, बिजली. आईला नाही, बापाला नाही, भावाला नाही. "नाई मालूम," याडी म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज फाटला.

बा माझ्याकडे वळले. "लीला, तू लिहित असते ना तिले? इचारून घे."

किती दिवसांपासून त्यांना माहीत आहे, मला ठाऊक नाही. मी मान हलवली.

दिपाली म्हणाली, घाई नाही, पुढच्या महिन्यात येईन तेव्हा सांगा. मग याडीनं रक्त दिलं. छोट्या छोट्या नळ्या होत्या, ती एकेक भरताना बघत होती. शेवटची भरल्यावर दिपालीला म्हणाली, "नीट ठेवजो माय, सांडू नको."

म्हणून विचारते. तुझं जेवण कसं आहे? झोप लागते का, की पहाटेच जाग येते आणि मग उठावंसं वाटत नाही? पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का? डॉक्टरीणबाई म्हणतात, आईला आहे म्हणजे लेकीला असेलच असं नाही. नसलं तर नाही लिही, आम्हाला तेवढं पुरे आहे. असलं तर याडीचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत: "रक्ताची वाट नको पाहू. तोंडानं सांग. मले सांग."

बा आज सकाळपासून शेतात गेले नाहीत. तीनदा दारात येऊन विचारून गेले, लिहिलं का म्हणून. आता चौथ्यांदा आलेत. लिहिलं, असं सांगते.

तुझी भोजाई,
लीला